नानिक मोटवाने आणि त्यांचे कर्णे

१९२० च्या डिसेंबर महिन्यात नागपूरला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. चौदा हजारांवर प्रतिनिधी त्या अधिवेशनास जमले होते. नुसते पाहावयास आलेल्यांची गोष्ट वेगळीच. ते आटोपल्यावर थोड्याच दिवसांनी, १९२१ च्या ६ जानेवारीस, महात्माजी आपल्या छिंदवाड्यास आले. त्या काळी आपल्याकडील सभांतून ध्वनिक्षेपक अद्याप अवतरला नव्हता. महात्माजींचा आवाज मुळातच बारीक व संथ. मोठ्या सभेत मागे बसलेल्यांना दर्शनाचे पुण्य लाभे, परंतु शब्द कानी पडत नसे. पुढच्यांनी ऐकावे, मागच्यांना सांगावे आणि पाचव्या मुखी गेलेले वाक्य मूळ वक्त्यालाही ओळखू येऊ नये, असा प्रकार घडे. ज्या चळवळीचे सारे बळ सामान्य माणसाला समजावून सांगण्यावर उभे होते, तिच्या दृष्टीने ही अडचण लहान नव्हती.

ही अडचण ज्याने आपली मानली, तो कोणी पुढारी नव्हता. तो एक व्यापारी होता. नानिक ज्ञानचंद मोटवाने हे त्याचे नाव. सिंध प्रांतातील सक्कर गावी त्याचे वडील ज्ञानचंद यांनी १९०९ साली विजेच्या सामानाची एक छोटी पेढी काढली. पुढे ती कराचीस गेली आणि तेथून मुंबईस आली. मुंबईत ती शिकागो रेडिओ या नावाने प्रसिद्धीस पावली. नाव अमेरिकेतील शहराचे, पेढी मात्र अस्सल हिंदी. सभेत एका व्यासपीठावरून उतरून दुसऱ्यावर चढत, तेच भाषण पुनःपुन्हा करीत फिरणारे महात्माजी तरुण नानिकच्या दृष्टीस पडले आणि त्याच्या मनाने घेतले, असे सांगतात. विजेची उपकरणे विकणाऱ्या माणसाला त्यावरचा उपाय ठाऊक होता. प्रश्न होता तो खर्चाचा आणि धाडसाचा.

उपाय त्या वेळी नवाच होता. पीटर जेन्सन नावाचा डेन्मार्कचा तरुण आणि त्याचा अमेरिकन सहकारी एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियातील नापा या गावी आपल्या छोट्याशा प्रयोगशाळेत खटपट करून, चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे पडद्यास जोडले आणि त्यापुढे ग्रामोफोनचा कर्णा बसविला. १९१५ च्या नाताळच्या आदल्या सायंकाळी सॅन फ्रान्सिस्को येथे हजारो लोकांनी त्यातून गाणी व भाषणे ऐकली. कर्ण्याची करामत थोडक्यात अशी. लहानसा पडदा कितीही थरथरला तरी मोकळी हवा त्याच्या पकडीत सापडत नाही. पंख्याची दांडी हलवून वारा मिळू नये तसे ते होते. निमुळत्या तोंडापासून हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा पुढे लावला की हवेचा एक स्तंभच पडद्याच्या हाती लागतो आणि तीच शक्ती कितीतरी पटींनी अधिक आवाज देते. शिवाय तो आवाज चहूकडे न सांडता एका दिशेने जातो. म्हणूनच अगदी माफक शक्तीच्या ध्वनिवर्धकावरही हजारोंची सभा निभावून नेता येई. खर्जाचे सूर मात्र कर्ण्याला पेलत नाहीत. तबल्याचा डग्गा त्यातून ऐकू नये, भाषण ऐकावे. सभेला हवे असते तेही तेच.

१९३१ च्या मार्चअखेर कराचीस सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना २३ मार्चला फाशी दिल्यास आठवडाही लोटला नव्हता. मने प्रक्षुब्ध होती, तरुण महात्माजींवर रुष्ट होते. अशा सभेत वक्त्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत जसाच्या तसा पोहोचणे किती अगत्याचे होते, हे वाचकांनीच ताडावे. त्या अधिवेशनात मोटवाने यांचे कर्णे लागले. तेव्हापासून राष्ट्रीय सभा आणि शिकागो रेडिओ यांची जोडी जमली, ती स्वातंत्र्यानंतरही टिकली. महात्माजी, पंडित नेहरू, सरदार पटेल यांची त्या काळची छायाचित्रे पाहा. त्यांच्यापुढील ध्वनिग्राहकावर शिकागो ही अक्षरे हटकून दिसतील. पेढीची जाहिरात यातून झाली, हे खरेच. परंतु सरकारची वक्रदृष्टी ज्या सभांवर होती त्यांत आपले नाव असे उघड्यावर मांडणे, आणि तेही बहुधा पदरमोड करून, हे केवळ जाहिरातीसाठी कोणी करीत नाही, असे आम्हांस वाटते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. १९३६ साली खानदेशातील फैजपूरला अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. १९३९ साली ते आपल्या महाकोशलात, जबलपूरजवळील त्रिपुरीस झाले. अशा ठिकाणी सभा म्हटली की बॅटऱ्या किंवा वीज निर्माण करणारे यंत्र बरोबर न्यावे लागे. मोटवाने आपली माणसे घेऊन सभेच्या आधीच तेथे जात, खांब रोवीत, तारा ओढीत आणि प्रत्येक कर्ण्याचे तोंड कोठे वळवावयाचे ते ठरवीत. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर दूरच्या कर्ण्यातील शब्द जवळच्या कर्ण्यातील शब्दापेक्षा सुमारे पाव सेकंदाहून अधिक उशिरा कानी येतो आणि दोन्ही मिळून नुसता गलका होतो. तो टाळण्यासाठी कर्णे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून किंवा श्रोत्यांच्या दिशेने वाटून लावावे लागतात. कर्ण्याचे तोंड चुकून ध्वनिग्राहकाकडे वळले तर जी किंकाळी उठते, ती आपण लग्नाच्या मांडवात ऐकतोच.

येथे थोडे विषयांतर. आपल्या सौंसर भागात देवळाच्या, भजनी मंडळाच्या वा एखाद्या घराच्या माळ्यावर जुना कर्णा पडलेला असतो. मुका झाला म्हणून तो भंगारात जातो. वास्तविक त्याचे पत्र्याचे अंग आणि चुंबक सहसा बिघडत नाहीत. बिघडतो तो मागच्या डबीतील पडदा. अधिक शक्तीचा ध्वनिवर्धक जोडला की त्याचे वेटोळे जळते. वीज पूर्ण तोडून, मागचे झाकण उघडून मापकाने वेटोळ्याचा रोध पाहावा. काटा हललाच नाही तर तार तुटली असे समजावे. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस चिकटतो. चिकटपट्टीची घडी करून ती फटीतून फिरविली की तो निघतो. मग त्याच मापाचा आणि त्याच रोधाचा नवा पडदा, वेटोळे कोठेही घासणार नाही असा मध्यावर बसवावा आणि पेच आळीपाळीने थोडे थोडे आवळावे. कर्ण्याच्या घशात कुंभारीण माशीने मातीचे घर केले असेल तर तेही काढावे! मग दुरुस्त कर्णा पुन्हा बोलू लागतो. हे काम घरच्या वडीलधाऱ्यांसमोर करावे, एवढे मात्र सांगून ठेवतो.

आता १९४२ साल. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईच्या गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि पहाटेपासून पुढारी तुरुंगात गेले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा बावीस वर्षांच्या उषाबेन मेहता व त्यांचे सोबती यांनी २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलविला जाई. या कामी शिकागो रेडिओकडून त्यांना सामग्री व जाणत्या माणसांचे साहाय्य मिळाले. सभेत कर्णे लावणे निराळे आणि राजद्रोही प्रक्षेपणास हातभार लावणे निराळे; वडिलांनी उभारलेली सारी पेढी पणाला लागली होती. १२ नोव्हेंबरला गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांचा छापा पडला. ज्या तंत्रज्ञाने प्रक्षेपक उभारून दिला होता, तोच पकडला गेल्यावर पोलिसांना वाट दाखवीत आला. नानिक मोटवाने यांनाही अटक झाली आणि खटल्यातील पाच आरोपींत त्यांचे नाव आले. १९४३ साली निकाल लागला. बाबूभाई खाखर यांना पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवाने निर्दोष सुटले.

सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. कर्णे लावता लावता पुढाऱ्यांची भाषणे ध्वनिमुद्रित करण्याचाही त्यांनी छंद धरला होता. तो संग्रह आज इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतो. एके काळी परदेशी मालावर चालणाऱ्या या घराण्याचा स्वतःचा कारखाना पुढे आपल्या महाराष्ट्रात, नाशिकरोडला उभा राहिला, आणि ध्वनिक्षेपणाची यंत्रे तेथे तयार होऊ लागली.