शिष्यवृत्तीतले नाना

जगन्नाथ शंकरशेट हे नाव आपण ऐकले ते संस्कृतच्या तासाला, त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीमुळे. ती मला मिळाली नाही, हे वर्गमैत्रिणींना ठाऊक आहेच! पण मी दौंडच्या फायरमनची मुलगी. या माणसाचा आमच्या गाडीशीही संबंध आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. रेल्वे इंग्रजांनी आणली, एवढेच आपण पेपरात लिहीत असू.

नानांचा जन्म १८०३ चा, मुरबाडचा. घराणे मुंबईतले मोठे व्यापारी. मुंबईहून रेल्वे निघावी म्हणून १८४० नंतर ज्यांनी खटपट केली, त्यांत नाना आणि जमशेटजी जीजीभाई पुढे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तीत नाना बसले होते.

आपल्या भागातली गोष्ट निराळीच. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंत गाडी धावू लागली, पण मधला बोरघाट अजून व्हायचा होता. मुंबईचा प्रवासी घाटाखाली उतरे, पालखीने किंवा तट्टावरून खंडाळा गाठी आणि पुन्हा गाडीत बसे. घाट खुला झाला १८६३ मध्ये. पंचवीस बोगदे खोदताना पटकीने आणि अपघातांनी किती मजूर गेले! त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती नाही. (शिरूरला तर रेल्वे आलीच नाही. घोडनदीच्या मैत्रिणी सुट्टीत एसटीने आमच्याकडे येत, त्या पाणी भरणारे वाफेचे इंजिन बघायलाच.)

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. मला त्यांची रेल्वेहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. १८४९ च्या सुमारास, लोक नावे ठेवत असताना, त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. आठवीनंतर मला शाळेतून काढावे म्हणून नातेवाईक वडिलांच्या मागे लागले होते. वडील काहीच बोलले नाहीत. ड्यूटीवरून कोळशाने माखलेले आले आणि तसेच शाळेत जाऊन फी भरून आले.

मुंबईच्या सीएसएमटी इमारतीच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेले चेहरे आहेत. त्यांत नाना आहेत, हे मला निवृत्तीनंतर कळले. मान वर करून शोधत राहिले. फोटो काढायचा राहिला, सोलापूरच्या गाडीची वेळ झाली होती.