ओळख थोरांची : रिचर्ड अ‍ॅलन

मुलांनो, फिलाडेल्फिया म्हटले की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली त्या याच शहरात डॉक्टर झाल्या. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७८६ साली, एक तरुण धर्मोपदेशक या शहरात आला. त्याचे नाव रिचर्ड अ‍ॅलन.

रिचर्डचा जन्म १४ फेब्रुवारी १७६० रोजी झाला. त्याचे आईवडील गुलाम होते, म्हणून तोही जन्मापासून गुलाम. लहानपणीच सगळ्या कुटुंबाला डेलावेअरमधील एका शेतकऱ्याला विकण्यात आले. पुढे त्या मालकाला पैशाची चणचण भासली, तेव्हा त्याने रिचर्डची आई आणि तीन भावंडे विकून टाकली. रिचर्ड आणि त्याचा मोठा भाऊ मागे राहिले.

सतराव्या वर्षाच्या सुमारास रिचर्ड मेथडिस्ट पंथाच्या सभांना जाऊ लागला. शेजारी म्हणत, देवाधर्माच्या नादाने गुलाम आळशी होतात. मग दोघे भाऊ पूर्वीपेक्षा जास्त राबू लागले! मालक खूश झाला. एका धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकून त्यालाही गुलाम ठेवणे पाप वाटू लागले. पण त्याने फुकट सोडले नाही. दोन हजार डॉलर द्या आणि मोकळे व्हा, असे ठरले. रिचर्डने लाकडे फोडली. पहिल्याच दिवशी हाताला फोड आले. विटांच्या भट्टीवर काम केले. स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना मिठाची गाडी हाकली. १७८३ साली सगळे पैसे फिटले.

फिलाडेल्फियात सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये अ‍ॅलन पहाटे पाच वाजता प्रवचन देत. तेथे त्यांना अ‍ॅबसलम जोन्स भेटले. जोन्स वयाने चौदा वर्षांनी मोठे, तेही पूर्वीचे गुलाम. त्यांनी आधी बायकोला सोडवले, म्हणजे मुले स्वतंत्र जन्मतील, आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःला. १७८७ साली दोघांनी मिळून फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. सभासद वर्गणी काढत आणि आजारी माणसे, विधवा, पोरकी मुले यांना मदत करत.

चर्चमध्ये कृष्णवर्णीयांची गर्दी वाढली, तशी गोऱ्या मंडळींना ती खुपू लागली. त्यांना आधी भिंतीकडेला आणि मग वरच्या माडीवर बसायला सांगण्यात आले. ती माडी बांधायला त्यांनीही पैसे दिले होते. एका रविवारी प्रार्थना चालू असताना जोन्स गुडघे टेकून बसले होते. चर्चच्या कारभाऱ्यांनी येऊन त्यांना दंडाला धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, अशी त्यांनी विनंती केली, पण ऐकतो कोण? आपल्या चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभे राहावे लागले, हे तुम्ही ऐकले आहे ना? तसेच हे. प्रार्थना संपताच सगळे कृष्णवर्णीय उठले आणि एकत्र बाहेर पडले. पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

१७९३ साली शहरात पिवळ्या तापाची साथ आली. पन्नास हजार वस्तीपैकी सुमारे पाच हजार माणसे दगावली. कृष्णवर्णीयांना हा ताप येत नाही असा डॉक्टरांचा चुकीचा समज होता, म्हणून मदतीसाठी त्यांना बोलावले गेले. अ‍ॅलन आणि जोन्स यांनी माणसे जमवून रोग्यांची सेवा केली, मृतांना मूठमाती दिली. अ‍ॅलन स्वतः आजारी पडले आणि थोडक्यात वाचले. पुढे एका प्रकाशकाने लिहिले की या लोकांनी सेवेच्या नावाखाली पैसे उकळले. तेव्हा १७९४ साली दोघांनी मिळून पुस्तिका छापली आणि जमाखर्चासह उत्तर दिले.

आता खरी परीक्षा आली. नवे चर्च कोणत्या पंथाचे असावे? बहुतेकांना एपिस्कोपल पंथ हवा होता. त्यांनी अ‍ॅलन यांनाच धर्मगुरू व्हा म्हटले. पण आपल्याला मेथडिस्ट पंथाने वाट दाखवली, ती सोडणे अ‍ॅलन यांच्या मनाला पटेना. त्यांनी मान नाकारला. मग जोन्स पुढे झाले. जुलै १७९४ मध्ये दोन चर्च उघडली, जोन्स यांचे सेंट थॉमस आणि अ‍ॅलन यांचे बेथेल. बेथेलची इमारत म्हणजे एक जुने लोहाराचे दुकान, घोडे जुंपून जागेवर ओढत आणलेले!

सेंट जॉर्जच्या मंडळींनी बेथेलवर हक्क सांगणे सोडले नाही. वाद वीस वर्षे चालला. इमारतीचा लिलाव निघाला, तेव्हा अ‍ॅलन यांनी सुमारे दहा हजार डॉलर मोजून स्वतःचेच चर्च विकत घेतले. १८१६ साली पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच एप्रिलमध्ये इतर गावांतील कृष्णवर्णीय मेथडिस्ट प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. त्यांनी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन केले आणि अ‍ॅलन त्याचे पहिले बिशप झाले. त्या दिवशी पाच धर्मगुरूंनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवले. त्यांतला एक हात अ‍ॅबसलम जोन्स यांचा होता. पंथ वेगळा, चर्च वेगळे, पण मित्राच्या मोठ्या दिवशी ते हजर होते.

जोन्स १८१८ साली वारले, अ‍ॅलन २६ मार्च १८३१ रोजी. बेथेल आजही त्याच जागेवर उभे आहे, इमारत मात्र नवी आहे. २०१६ साली अ‍ॅलन यांचे चित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आले.

मुलांनो, अन्याय झाला तेव्हा हे दोघे एकत्र उठले. मते वेगळी झाली, तेव्हा न भांडता दोन वाटांनी गेले. हे दुसरे काम पहिल्याहून अवघड असते. आपल्या मंडळांत दोन मते पडली की दोन गणपती होतात आणि कधी कधी बोलणेही बंद होते. तेव्हा आई-बाबांना ही गोष्ट जरूर वाचून दाखवा! आणि पुढच्या वर्गात येताना पाच वाक्ये लिहून आणा : माझे आणि माझ्या मित्राचे पटले नाही, तेव्हा आम्ही काय केले?