सातारचा वकील

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला ‘दबावगट’ हा विषय चालू होता. सत्ताधाऱ्यांना भेटून एखाद्याची बाजू त्यांच्या गळी उतरवणे हा आता रीतसर व्यवसाय झाला आहे, असे सरांनी सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, याची सुरुवात कुठून करायची?’ वर्ग हसला. मला मात्र रंगो बापूजी गुप्ते आठवले. आजोळी सातारला गेले, की मामा चार भिंतींवर फिरायला नेत आणि त्यांची हकिकत सांगत.

१८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना सातारची गादी दिली आणि १८३९ साली कटाचे आरोप ठेवून काढूनही घेतली. महाराजांची रवानगी काशीला झाली. त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोहोचले. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. धन्याच्या वतीने दुसऱ्या दरबारी बोलणारा. देश परका, भाषा परकी, आणि दाद मागायची ती ज्यांनी अन्याय केला त्यांच्याकडेच!

कंपनीचा कारभार चोवीस संचालक पाहत. त्यांच्यावर सरकारचे नियामक मंडळ, त्याच्यावर पार्लमेंट. संचालकांनी दार लावून घेतले. तेव्हा रंगो बापूजींनी दुसरे दार शोधले. ते म्हणजे भागधारकांची सभा. तेथे हजार पौंडांचे भाग असणाऱ्याला मत होते आणि संचालकांना जाब विचारता येई. भागधारकांपैकी मद्रासकडे नोकरी केलेले जॉन सलिव्हन आणि गुलामगिरीविरुद्ध लढून नाव मिळवलेले जॉर्ज थॉम्प्सन यांनी सातारची बाजू उचलून धरली. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम उभे राहिले. अर्ज, निवेदने, छापील पत्रके, भेटीगाठी असा हा उद्योग वर्षानुवर्षे चालला. पैशाची ओढाताण तर पाचवीला पुजलेली!

१८४७ साली महाराज काशीस वारले. पुढच्याच वर्षी गादीवर बसवलेले त्यांचे बंधू शहाजी वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. धनी गेला, राज्य गेले. आता वकिली कोणाची करायची? दुसरा कोणी असता तर परतला असता. रंगो बापूजी मात्र महाराजांच्या दत्तकपुत्रासाठी आणखी पाच वर्षे तिथेच झगडले. अखेर १८५३ च्या शेवटी ते रिकाम्या हातांनी मायदेशी निघाले.

पुढे १८५७ च्या धामधुमीत त्यांनी साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. ती फुटली. सप्टेंबरात सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले, ते कोणाच्याच हाती लागले नाहीत.

मग ते हरले का? मी मामांना हे विचारले होते, तेव्हा ते गप्प राहिले. आज मला वाटते, त्यांच्या कामात उणे काहीच नव्हते. कागद पक्के होते, सत्तेच्या वाटा त्यांनी शोधल्या होत्या, परक्यांतून माणसे जोडली होती. पण आरोपी आणि न्यायाधीश एकच असला, की उत्तम वकिलीही थिटी पडते. चौदा वर्षे कागदावर विश्वास ठेवणारा माणूस शेवटी शस्त्राकडे वळला, हा दोष ऐकून न घेणाऱ्यांचा.

मागच्या बाकावरच्या त्या मित्राला मी एवढेच सांगेन : ओळखी आणि युक्त्या पुढे जमतील. आधी कोणाची बाजू घ्यायची ते ठरव. आणि तो धनी उद्या गेला, तरी ती सोडवणार नाही अशी असू दे.