मातांच्या मृत्यूचा हिशेब मांडणारा डॉक्टर

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात दोन प्रसूतिविभाग होते. दोन्ही एकाच आवारात, एकमेकांना लागून. एका विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणत्या विभागात कोणत्या वारी प्रवेश द्यायचा हे ठरलेले होते. कळा सुरू झालेली गरीब स्त्री ज्या दिवशी दाराशी येई, त्यावर तिची खाट ठरे आणि पुष्कळदा तिचे आयुष्यही. कारण पहिल्या विभागात बाळंतिणी दुसऱ्या विभागाच्या कितीतरी पट अधिक संख्येने मरत होत्या. ही गोष्ट डॉक्टरांना कागदावर दिसत होती. शहरातल्या बायकांना ती त्याआधीच ठाऊक होती. पहिल्या विभागाचा वार आहे असे कळताच गुडघे टेकून, हात जोडून, आम्हाला तिकडे पाठवू नका अशी त्या विनवणी करीत.

या दोन विभागांमधील फरकाचे कारण शोधण्यासाठी ज्याने आपले सारे आयुष्य पणाला लावले, त्या इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा शहरात झाला. वडील सुखवस्तू किराणा व्यापारी होते. घरात जर्मन बोलली जाई. दहा भावंडांतले हे पाचवे अपत्य. कायदा शिकण्यासाठी १८३७ मध्ये ते व्हिएन्नाला आले आणि वर्षभरातच वैद्यकाकडे वळले. १८४४ मध्ये पदवी मिळाली आणि १ जुलै १८४६ रोजी, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, प्राध्यापक योहान क्लाइन यांचे सहायक म्हणून पहिल्या प्रसूतिविभागाची जबाबदारी त्यांच्यावर आली.

ज्याला आपल्याकडे जुन्या बायका बाळंतरोग म्हणत, तोच हा प्रसूतिज्वर. बाळंतपणानंतर एकदोन दिवसांत थंडी वाजून ताप भरे, पोट फुगून दुखू लागे आणि आठवड्याच्या आत बहुतेक वेळा सगळे संपे. त्या काळातील वैद्यकाने यासाठी हवेतील दोष, ऋतुमान, दुधाचा विकार, मनाची भीती अशी कारणांची लांबलचक यादी तयार ठेवली होती. सेमेलवाइस यांनी ही यादी नाकारली नाही. त्यांनी फक्त प्रत्येक कारणापुढे एक साधा प्रश्न ठेवला. हे कारण खरे असेल, तर ते एका विभागाला लागू पडते आणि शेजारच्या विभागाला पडत नाही, असे का?

रुग्णालयाच्या नोंदवह्या त्यांच्या हाताशी होत्या. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २० हजार ४२ बाळंतपणे झाली व १ हजार ९८९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात १७ हजार ७९१ बाळंतपणांमागे ६९१ मृत्यू झाले. म्हणजे एकीकडे शंभरात जवळजवळ दहा, तर दुसरीकडे चारांहूनही कमी. एकट्या १८४६ मध्ये हे प्रमाण ११.४ आणि २.८ टक्के होते. शिवाय पहिल्या विभागातील अनेक आजारी स्त्रियांना मुख्य रुग्णालयात हलविले जाई आणि तेथे झालेले त्यांचे मृत्यू या आकड्यांत धरलेलेच नव्हते. खरा फरक याहूनही मोठा होता.

मग एकेक कारण गळू लागले. हवा दोन्हीकडे एकच. गर्दी म्हणावी, तर दुसरा विभागच अधिक भरलेला असे, कारण पहिल्याला बायका घाबरत. रुग्णालयात पोहोचण्याआधी रस्त्यातच प्रसूत झालेल्या स्त्रियांना, त्यांचे एवढे हाल होऊनही, ज्वर क्वचितच येई. मरणासन्न रुग्णाकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जातो, त्या आवाजाची धास्ती बायका घेतात असेही बोलले जाई. सेमेलवाइस यांनी त्याला घंटा बंद करून आडवाटेने जायला लावले. मृत्यू थांबले नाहीत. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करीत, म्हणून पहिल्यातही तसे करून पाहिले. तरीही काही फरक नाही.

१८४६च्या अखेरीस सरकारी समितीने विद्यार्थ्यांच्या, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांच्या, धसमुसळ्या तपासणीवर ठपका ठेवला. विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणण्यात आली. काही महिने मृत्यू घटले. सेमेलवाइस यांना याही स्पष्टीकरणाने समाधान मिळाले नाही. जन्माला येणारे मूल मातेला जेवढी इजा करते, त्यापुढे विद्यार्थ्याचे बोट ते काय, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

आणखी एक गोष्ट नोंदींत दडलेली होती. १८४० पूर्वी विद्यार्थी आणि सुइणी दोन्ही विभागांत सारख्याच विभागून जात, तेव्हा दोन्हीकडील मृत्यूही जवळपास सारखेच असत. विद्यार्थी एकीकडे आणि सुइणी दुसरीकडे अशी वाटणी झाली आणि तेथून आकडे फाटले. त्याहीमागे जावे, तर क्लाइन यांच्या आधी १७८९ ते १८२२ या काळात योहान बोएर यांच्याकडे प्रसूतिविभाग होता, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होते. बोएर प्रेतांवर शिकवीत नसत. पुढे व्हिएन्ना शवविच्छेदनशास्त्राचे युरोपातील माहेरघर बनले आणि प्रसूतिविभागातील मरणे वाढली. विज्ञानाची प्रगती आणि मातांचे मृत्यू हातात हात घालून वाढत होते. हे मात्र कोणाच्याही ध्यानात आलेले नव्हते.

उलगडा झाला तो एका मित्राच्या मृत्यूने. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस व्हेनिसला गेले होते. परत आले तेव्हा न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का गेल्याचे त्यांना कळले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्या जखमेतून सर्वांगात विष भिनले. कोलेच्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइस यांनी वाचला आणि ते हादरले. तीच सूज, तोच पू, तीच शरीरभर पसरलेली दाहकता. प्रसूतिज्वराने गेलेल्या शेकडो स्त्रियांच्या देहांत त्यांनी जे पाहिले होते, तेच येथे एका पुरुषाच्या देहात होते. कोलेच्कांच्या शरीरात प्रेताचे कण सुरीने नेले. मग बाळंतिणींच्या शरीरात ते कोणी नेले?

उत्तर त्यांच्या स्वतःच्या हातांवर होते. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात काम करीत आणि तेथून थेट प्रसूतिविभागात जाऊन बायकांची अंतर्गत तपासणी करीत. हात साबणाने धुतले तरी प्रेताचा वास दिवसभर जात नसे. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. विद्यार्थ्यांची संख्या घटली तेव्हा मृत्यू का घटले आणि सेमेलवाइस पुन्हा कामावर रुजू होऊन नेटाने शवविच्छेदनाला लागताच एप्रिल १८४७ मध्ये ते १८ टक्क्यांवर का चढले, हे सारे एका क्षणात जुळले. सर्वांहून निष्ठेने अभ्यास करणारा डॉक्टरच सर्वांहून अधिक माता मारीत होता. आपल्यामुळे किती स्त्रिया गेल्या याची गणती करता येणार नाही, ही कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली आहे. वैद्यकाच्या इतिहासात एवढी उघड कबुली क्वचितच आढळते.

मे १८४७च्या मध्यापासून पहिल्या विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे भांडे आले. थोड्याच दिवसांत खर्च परवडेना म्हणून त्याऐवजी क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आजची ब्लीचिंग पावडर, वापरात आली. प्रेताचा वास घालवील तेच प्रेताचे विषही घालवील, एवढाच त्यामागचा तर्क होता. तपासणीपूर्वी प्रत्येकाने त्यात हात घासून धुवायचे, अशी सक्ती झाली. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण २ टक्क्यांच्या घरात आले, जुलैमध्ये २५० बाळंतपणांत तीनच मृत्यू झाले. १८४८ या पूर्ण वर्षात पहिल्या विभागात ३ हजार ५५६ पैकी ४५ माता गेल्या, म्हणजे १.२७ टक्के, दुसऱ्या विभागात १.३३ टक्के. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या विभागात एकही माता दगावली नाही.

वाटेत एक ठेच लागली. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीला पहिल्या खाटेवर ठेवले होते. तिला तपासून डॉक्टर पुढच्या खाटांकडे वळले, मध्ये हात केवळ साबणाने धुतले. त्या वेळच्या बारा बाळंतिणींपैकी अकरा जणी गेल्या. विष केवळ प्रेतातच असते असे नाही, जिवंत शरीरातील कुजलेल्या स्रावातही ते असते, हे या मृत्यूंनी शिकविले. तेव्हापासून प्रत्येक रुग्णामागे हात धुणे सक्तीचे झाले.

एवढा लख्ख पुरावा असताना जगाने तो का स्वीकारला नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा प्रस्थापितांच्या अहंकारावर सोपविले जाते. अहंकार होताच. डॉक्टरचे हात अस्वच्छ आहेत, रोग तोच पसरवितो, हे ऐकून घ्यायला त्या काळातले प्राध्यापक तयार नव्हते. पण दोष सेमेलवाइस यांच्याकडेही होता. त्यांनी लिहिलेच नाही. त्यांचे मित्र हेब्रा यांनी डिसेंबर १८४७ आणि एप्रिल १८४८ मध्ये या शोधाची टिपणे छापली, श्कोडा यांनी १८४९ मध्ये अकादमीपुढे व्याख्यान दिले. स्वतः शोधकर्ता मात्र मे १८५० मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकसभेत प्रथम बोलला. दुसऱ्यांच्या टिपणांतून शोध केवळ प्रेतांपुरता मर्यादित असल्याचा समज पसरला. जेथे प्रेते नव्हती तेथील डॉक्टरांनी तो सहज झटकून टाकला. प्राण्यांवरील प्रयोग अपुरे राहिले, सूक्ष्मदर्शकाचा आधार घेतला गेला नाही. शंका घेणाऱ्यांपैकी सगळेच दुष्ट नव्हते.

कीलचे प्राध्यापक गुस्ताव मिखाएलिस यांनी मात्र विश्वास ठेवला, आणि त्यांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. त्यांच्या हातून बाळंत झालेली त्यांची चुलत बहीण प्रसूतिज्वराने गेली होती. तिच्या मृत्यूला आपणच कारण, हे उमगल्यावर १८४८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

त्याच वर्षी व्हिएन्ना आणि हंगेरीत क्रांती उसळली. हंगेरियन सहायकाविषयी आधीच अढी बाळगणाऱ्या क्लाइन यांनी मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत वाढविली नाही. त्यांच्या जागी आलेल्या कार्ल ब्राउन यांनी पुढे आपल्या पाठ्यपुस्तकात प्रसूतिज्वराची तीस कारणे दिली. प्रेतविषाला त्यात अठ्ठाविसावे स्थान होते. ऑक्टोबर १८५० मध्ये सेमेलवाइस यांना अध्यापनाची परवानगी मिळाली, तीही केवळ पुतळ्यावर शिकविण्यापुरती. पाचच दिवसांत, कोणाचाही निरोप न घेता त्यांनी व्हिएन्ना सोडले. मित्रांना हे फार लागले.

पेश्टमधील सेंट रोकुस रुग्णालयात मे १८५१ पासून त्यांनी विनावेतन काम केले. तेथील सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत प्रसूतिज्वराने केवळ आठ माता गेल्या. १८५५ मध्ये ते पेश्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले, १८५७ मध्ये मारिया वाइडनहोफर यांच्याशी विवाह झाला. पाच मुलांपैकी दोन लहानपणीच गेली. १८६१ सालच्या त्यांच्या जर्मन ग्रंथात तक्त्यांमागून तक्ते आहेत, त्याचबरोबर पुनरुक्ती आणि विरोधकांवरील त्वेषही आहे. ग्रंथाला थंड प्रतिसाद मिळाल्यावर त्यांनी युरोपातील नामवंत प्रसूतितज्ज्ञांना खुली पत्रे लिहिली आणि त्यांना खुनी ठरविले. जे आकडे संयमाने बोलले असते, ते आता संतापाने ओरडू लागले. पत्रे वाचून कोणाचेही मन वळले नाही.

१८६५च्या उन्हाळ्यात त्यांचे वागणे फारच बिघडले. ३० जुलै रोजी नवा दवाखाना दाखवितो असे सांगून हेब्रा त्यांना व्हिएन्नातील मनोरुग्णालयात घेऊन गेले. निसटण्याचा प्रयत्न करताच रखवालदारांनी त्यांना जबर मारहाण केली. दोनच आठवड्यांत, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. उजव्या हाताची जखम चिघळून तिचे विष अंगभर पसरले होते. शवविच्छेदन त्यांच्याच जुन्या रुग्णालयात झाले.

आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी हाड मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. लिस्टर यांना तेव्हा सेमेलवाइस हे नावही ठाऊक नव्हते. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या सभेत प्रसूतिज्वराचा जंतू फळ्यावर काढून दाखविला. पुढे १८९१ मध्ये सेमेलवाइस यांच्या अस्थी बुडापेस्टला आणल्या गेल्या, १९६४ मध्ये त्या त्यांच्या जन्मघरी हलविण्यात आल्या आणि १९६९ मध्ये तेथील वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. पेश्टच्या प्रसूतिविभागात त्यांच्यानंतर यानोश दिशेर आले होते. तेथील मातांचे मृत्यू लगेच सहा टक्क्यांवर गेले, पण त्याची चौकशी झाली नाही आणि बुडा-पेश्टमधील एकाही डॉक्टरने तक्रार केली नाही.