भारताचे एडिसन : डॉ. शंकर आबाजी भिसे

मोबाइल आज घरोघरी आहे. तो चालतो कसा, हे तुम्ही कधी विचारले आहे काय? अशा जिज्ञासेतूनच डॉ. भिसे घडले.

२९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक वाचून ते यंत्रविद्या शिकले. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून वायू काढण्याचे उपकरण तयार केले. पुढे दुकानातील माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यास लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. ते इंग्लंडला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना साहाय्य केले. तेथे त्यांनी छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र सिद्ध केले. भांडवल अपुरे पडले, तरी संशोधन थांबले नाही. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

यंत्रांची रचना उघड सांगणारे एक नियतकालिक भिसेंना पुरले. आज लिनक्ससारख्या मुक्त संगणकप्रणालीची संपूर्ण रचना कोणीही विनामूल्य वाचू शकतो, बदलू शकतो. इल्मचे हे दार बुलडाण्याच्या विद्यार्थ्यालाही खुले आहे. पालकहो, मुलांना महागडा मोबाइल घेऊन देण्यापूर्वी त्यांना प्रश्न विचारण्याची सवय लावा. वापरणारे पुष्कळ आहेत. समाजाला घडविणारे हवे आहेत.