कागदी पिशवीचे यंत्र करणारी मार्गारेट नाइट

मित्रमैत्रिणींनो, रद्दीच्या कागदाला खळ लावून आपण घरी पिशवी करतो ना, ती एकदा जमिनीवर उभी करून बघा. उभी राहते का? नाही. लगेच आडवी होते. कारण ती पाकिटासारखी चपटी असते, तिला बूड नसतं. आता दुकानात मिळणारी जाड खाकी कागदाची पिशवी घ्या. तिचं बूड चौकोनी असतं. ती ऐटीत उभी राहते. एकट्याने दोन्ही हातांनी तिच्यात सामान भरावं, दुसऱ्याने तोंड धरायला नको.

अशा पिशव्या भराभर करणारं यंत्र एका बाईने तयार केलं. आणि ते यंत्र माझंच आहे, हे पटवून द्यायला तिला मोठी लढाई करावी लागली. त्या बाईचं नाव मार्गारेट नाइट.

मार्गारेटचा जन्म १४ फेब्रुवारी १८३८ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात यॉर्क या गावी झाला. घरचे तिला मॅटी म्हणत. ती लहान असतानाच वडील वारले. आई मुलांना घेऊन मँचेस्टर गावी आली. हे इंग्लंडमधलं प्रसिद्ध मँचेस्टर नव्हे बरं का! हे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं. पण कापडाच्या गिरण्या इथेही होत्या.

मॅटीला बाहुल्यांचा नाद नव्हता. तिला हवा असायचा चाकू, सामता आणि लाकडाचे तुकडे. भावांसाठी ती पतंग करी. थंडीत बर्फ पडला की त्यावरून घसरत जायच्या गाड्या करी. तिच्या गाड्या आणि पतंग बघून गावातल्या पोरांना हेवा वाटे. मुलीच्या जातीला हे शोभत नाही असं लोक म्हणत. मॅटीला वाईट वाटे, पण हातातलं काम ती सोडत नसे.

घरची गरिबी होती. त्यामुळे शाळा सुटली आणि मॅटी लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागली. तिथे ती बाराएक वर्षांची असताना एक भयंकर प्रकार घडला. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्या धोट्याच्या टोकांना पोलाद बसवलेलं असे. एके दिवशी असा एक धोटा मागातून उसळून बाहेर आला आणि एका कामगाराला लागून तो जखमी झाला.

असे अपघात गिरणीत होतच असत. मोठी माणसं हळहळत आणि पुन्हा कामाला लागत. मॅटी मात्र विचार करीत बसली. धोट्याने पुन्हा कुणाला इजा होऊ नये म्हणून तिने एक साधन शोधून काढलं. ते गिरण्यांमध्ये वापरलंही गेलं. पण तिला त्याचे पैसे मिळाले नाहीत. का? तर तिने पेटंट घेतलं नव्हतं.

पेटंट म्हणजे काय? एखाद्याने नवी युक्ती काढली की सरकार त्याला कागद लिहून देतं. ठराविक वर्षं ती युक्ती त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. त्या काळी अमेरिकेत ही मुदत १४ वर्षांची होती. गिरणीतल्या लहान पोरीला हे कोण सांगणार?

पुढे मॅटी मोठी झाली. आता आपण तिला मार्गारेटबाई म्हणू. त्यांनी पोटासाठी नाना कामं केली. घरांची दुरुस्ती केली, फोटो काढले, कोरीवकाम केलं. १८६७ साली त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात कागदी पिशव्यांच्या कारखान्यात लागल्या. तिथे यंत्रावर नुसत्या चपट्या पिशव्या निघत. चौकोनी बुडाची पिशवी हवी तर ती हाताने करावी लागे. त्याला वेळ फार लागे आणि ती महागही पडे.

मार्गारेटबाईंच्या डोक्यात एकच विचार घोळू लागला. हाताची बोटं जी घडी घालतात, तीच घडी यंत्राला का घालता येऊ नये? दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात हाच ध्यास. कागदावर चित्रं काढायची, घड्या घालून बघायच्या, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी १८६८ साली त्यांनी यंत्राचा लाकडी नमुना बनवला. कागदाची लांब नळी यंत्रात सरकत पुढे यायची. तिच्या टोकाला घड्या पडून चौकोनी बूड व्हायचं, खळ लागायची आणि पिशवी कापून सुटी व्हायची. लाकडाचा नमुना खिळखिळा होता, पण पिशव्या नीट निघत होत्या!

पेटंटसाठी मजबूत नमुना हवा म्हणून बाईंनी बोस्टन शहरातल्या कारखान्यात लोखंडी नमुना करायला दिला. तिथेच घात झाला. चार्ल्स अ‍ॅनन नावाचा गृहस्थ त्या कारखान्यात आला. त्याने यंत्र निरखून पाहिलं आणि आपल्याच नावाने पेटंट मिळवलं. मार्गारेटबाई अर्ज करायला गेल्या तेव्हा कळलं, की या यंत्राचं पेटंट आधीच दुसऱ्याला दिलं गेलं आहे!

विचार करा, त्यांना काय वाटलं असेल? त्या काळी अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळणार, असंच बहुतेकांना वाटे. दुसरी कुणी असती तर रडून गप्प बसली असती. पण धोट्याच्या वेळची चूक बाईंना पुन्हा करायची नव्हती. त्यांनी अ‍ॅननविरुद्ध दावा लावला.

साक्षीपुरावे १६ दिवस चालले. दिवसाला १०० डॉलर आणि वर इतर खर्च. कामगार बाईला हा पैसा थोडाथोडका नव्हता. पण बाईंजवळ भक्कम पुरावा होता. यंत्राची हाताने काढलेली चित्रं होती, कागदाचे नमुने होते. शिवाय यंत्र घडताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ती माणसं साक्षीला उभी राहिली. अ‍ॅननजवळ सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. निकाल मार्गारेटबाईंच्या बाजूने लागला. ११ जुलै १८७१ रोजी त्यांच्या नावाचं पेटंट निघालं. त्याचा क्रमांक १,१६,८४२. तेव्हा त्यांचं वय होतं ३३.

पुढे त्या हार्टफर्ड शहरात पिशव्यांची कंपनी काढण्यात भागीदार झाल्या. पिशवीचं यंत्र त्यांनी आणखी सुधारलं. बुटांचे तळ कापायची यंत्रं, खिडकीची चौकट, इंजिनाचे भाग अशा कितीतरी वस्तूंत त्यांनी नव्या युक्त्या काढल्या. २० हून जास्त पेटंटं त्यांच्या नावावर आहेत. त्यांनी लग्न केलं नाही. पैसाही फार साठला नाही. १२ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रॅमिंगहॅम येथे त्या वारल्या, तेव्हा त्यांच्यामागे ३०० डॉलरसुद्धा नव्हते.

त्यांच्या पिशव्या जगभर गेल्या, पण नाव मात्र लोक विसरले. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या सन्मान दालनात त्यांचं नाव लावलं गेलं. मृत्यूनंतर तब्बल ९२ वर्षांनी!

मित्रमैत्रिणींनो, मार्गारेटबाई हुशार होत्या हे तर खरंच. पण त्या जिंकल्या कशामुळे? त्यांनी आपलं काम कागदावर उतरवून जपून ठेवलं होतं म्हणून. लहानपणी नुसती युक्ती होती, कागद नव्हता, तेव्हा हाती काही आलं नाही. मोठेपणी कागद होता, तेव्हा हक्क परत मिळाला. म्हणून आपणही नवीन काही सुचलं तर ते वहीत लिहावं, चित्र काढावं आणि खाली तारीख घालावी.

आणि शाळेत आलेल्या पालकांना एक नम्र विनंती. घरातली मुलगी खिळे, तारा, लाकडं घेऊन बसली तर तिला रागावू नका. जवळ बसून ती काय करते आहे ते जरा बघा.