डॅनियल ओ’कॉनेल : स्वजनांसाठी लढताना परक्यांना न विसरलेला नेता

आयर्लंडचे थोर कॅथलिक पुढारी डॅनियल ओ’कॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी केरी परगण्यात झाला. त्या काळी ब्रिटिश संसदेत बसू इच्छिणाऱ्यास मिस्साबलिदान व संतांची विनवणी यांचा धिक्कार करणारी शपथ घ्यावी लागे. साहजिकच आयर्लंडमध्ये बहुसंख्य असूनही कॅथलिकांना संसदेचे दार बंद होते.

ओ’कॉनेल यांचे शिक्षण फ्रान्समध्ये झाले. तेथील क्रांतीतील रक्तपातामुळे हिंसक राजकारणाविषयी त्यांच्या मनात कायमची घृणा निर्माण झाली. १७९८ साली ते वकील झाले आणि १८२३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कॅथलिक असोसिएशनची स्थापना केली. गरिबातील गरिबाने महिन्याला एक पेनी द्यावी, अशी त्यांची योजना होती. ही वर्गणी अनेकदा चर्चच्या दाराशी गोळा होई. १८२८ साली क्लेअर मतदारसंघातून ते निवडून आले. अखेर १८२९ साली कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा संमत झाला. मात्र त्याच वेळी मताधिकाराची मालमत्तेची अट वाढवण्यात आली आणि ज्या गरीब शेतकऱ्यांनी त्यांना विजयी केले होते, त्यांचेच मत गेले, ही कटू गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

आपले हक्क मिळाल्यावर अनेक नेते स्वस्थ बसतात. ओ’कॉनेल तसे बसले नाहीत. ज्यूंना समान नागरी हक्क मिळावेत, म्हणून त्यांनी आवाज उठवला. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करण्याच्या चळवळीत ते अग्रभागी होते. यासंबंधीचा कायदा १८३३ साली झाला. १८३९ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, तेव्हा ओ’कॉनेल यांच्या भूमिकेला अधिकच बळ मिळाले.

त्यांची खरी कसोटी मात्र पुढेच होती. अमेरिकेत निवडणुका होत, सभागृहे भरत. परंतु १८४० च्या सुमारास तेथे सुमारे २५ लाख कृष्णवर्णीय गुलामगिरीत होते. आयर्लंडला स्वतःची संसद परत मिळावी या ओ’कॉनेल यांच्या चळवळीला अमेरिकेतील आयरिश लोक भरघोस देणग्या पाठवत. १८४१ साली सुमारे ६०,००० आयरिश लोकांच्या सह्यांचे एक आवाहन अमेरिकेतील आयरिशांसाठी तयार झाले. गुलामगिरीविरोधी चळवळीला साथ द्या, असे त्यात म्हटले होते. त्यावर ओ’कॉनेल यांची सही होती. तेथील अनेक आयरिश संतापले. बिशप जॉन ह्यूज यांनीही त्यास परकीय हस्तक्षेप मानून विरोध केला. तरीही गुलामांच्या रक्ताने डागाळलेला पैसा आपल्याला नको, असे ओ’कॉनेल यांनी १८४३ साली जाहीर केले. दक्षिणेकडील राज्यांतील काही साहाय्यक मंडळे त्यामुळे बंद पडली.

पुढच्याच वर्षी, १८४४ साली, फिलाडेल्फिया शहरात परदेशी व कॅथलिक म्हणून आयरिशांवरच जमाव चालून गेला. संत मायकल व संत ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळण्यात आली. ज्यांना कृष्णवर्णीयांचे दुःख परके वाटले होते, तेच आता इतरांच्या दृष्टीने परके ठरले होते.

१८४७ साली आयर्लंड दुष्काळाने होरपळत असताना ओ’कॉनेल यांनी संसदेत आपल्या उपाशी जनतेसाठी अखेरचे भाषण केले. त्यानंतर ते रोमच्या यात्रेस निघाले. परंतु १५ मे १८४७ रोजी वाटेतच, जिनोआ येथे, त्यांना देवाज्ञा झाली. सर्व धर्मीयांना खुली असावी म्हणून त्यांनी प्रयत्न करून उभारलेल्या डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

त्यांच्या चरित्रातून आम्हांला एक गोष्ट जाणवते. लोकशाही म्हणजे केवळ मतांची मोजणी नव्हे. प्रत्येक माणूस मोजणीत आलाच पाहिजे, हा तिचा पाया आहे. वंशामुळे, वर्णामुळे किंवा बाहेरून आला म्हणून कोणाला त्यातून वगळले, की उरते ती एका गटाची सत्ता. आज आपण ज्या गटात आहोत, तो उद्या बाहेर नसेल, याची हमी कोण देणार? आपला हक्क मागताना शेजाऱ्याचा हक्कही मागणे, हीच त्या हक्काची खरी राखण आहे.